मुलाच्या गुडघ्यांवर हरभऱ्याचे ठसे – सासऱ्यांशी कसं बोलू? मदत हवी आहे

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत असते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. लांबलं तर सांभाळून घ्या, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

आम्ही ठाण्यात वर्तकनगरला राहतो. मी, नवरा, ८ वर्षांचा मुलगा आणि सासरे. सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. माझी नोकरी ऐरोलीला, नवऱ्याची अंधेरीला. मुलगा तिसरीत आहे. शाळा साडेबाराला सुटते आणि मी साडेसातला घरी पोचेपर्यंत तो अण्णांकडे, म्हणजे सासऱ्यांकडे असतो. अण्णा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. नातवाला गरम वरणभात कालवून वाढतात, संध्याकाळी उपवनला फिरायला नेतात, त्याच्या सायकलची उतरलेली चेन स्वतः बसवतात. त्यांच्याविरुद्ध लिहिताना माझा हात अडखळतोय, हे आधीच सांगते.

गेल्या गुरुवारी रात्री मुलाच्या पायांना तेल लावत होते. दोन्ही गुडघ्यांवर बारीक बारीक खळगे दिसले. आधी वाटलं घामोळं आहे, की काही चावलंय. दिव्याखाली धरून बघितलं. प्रत्येक खळगा गोल, आणि त्याच्या एका कडेला टाचणी टोचल्यासारखा लाल ठिपका. हरभऱ्याला एका बाजूला चोच असते ना, तिचा. डाव्या गुडघ्यावर एके ठिकाणी कातडी फाटून खपली धरली होती.

मी काही विचारायच्या आत तोच म्हणाला, "आई, मी रडलो नाही. आजोबांनी घड्याळ लावलं होतं, पूर्ण दहा मिनिटं." न रडता दहा मिनिटं काढली की राजगिऱ्याची वडी मिळते म्हणे.

हळूहळू सगळं कळलं. प्रकरण सतराच्या पाढ्याचं. अण्णांना स्वतःला तीसपर्यंतचे पाढे, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी सगळं तोंडपाठ आहे, आणि नातवालाही ते यावं ही त्यांची फार इच्छा. सतरा पाचे पंच्याऐंशीपर्यंत गाडी जाते, पुढे अडखळते. अडखळली की परातीत हरभरे पसरायचे आणि उघड्या गुडघ्यांनी त्यावर बसायचं. वेळ भरली की एकेक दाणा वेचून डब्यात परत टाकायचा. दिवाळीच्या सुट्टीपासून हे चाललंय. मला पत्ता नाही.

डबा तोच, आमचा रोजचा. त्यातलेच हरभरे भिजवून मी त्या सोमवारी उसळ केली होती. ह्यानं ती ताटात तशीच ठेवली आणि अन्न टाकतोस म्हणून मी त्याच्यावर ओरडले होते. हे मनातून जात नाही.

त्या रात्री सगळे झोपल्यावर ओट्याखाली दोन मुठी हरभरे पसरले आणि मी गुडघे टेकले. सुरुवातीला नुसतं टोचतं. मग दाणा सरळ हाडाला लागतो. एका गुडघ्यावरचा भार कमी करायला जावं तर दुसऱ्यावर दुप्पट येतो. घाम फुटला, कानशिलं तापली. ओट्याची कड धरून उठले आणि मोबाईल बघितला, तर एक मिनिट वीस सेकंद झाले होते. माझ्या हाताशी ओटा होता. त्याला हात पाठीमागे बांधून बसायचं असतं.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून नौपाड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. हाडाला काही झालेलं नाही. पण ते म्हणाले की गुडघ्याच्या वाटीपुढे द्रवाची एक पातळ पिशवी असते, तिच्यावर पुन्हापुन्हा दाब आला की ती सुजते. सतत गुडघ्यांवर बसून लादी पुसणाऱ्यांना, फरशी बसवणाऱ्यांना हे दुखणं होतं. शिवाय या वयात वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाचा जो उंचवटा असतो तो अजून कूर्चेचाच असतो. कातडी फाटली की जंतुसंसर्गाची भीती वेगळी. मला दोन मिनिटं बाहेर बसवून ते मुलाशी एकट्याशी बोलले. नंतर मला एवढंच म्हणाले, "हे थांबवा. पुढच्या महिन्यात नाही, आजच."

नवऱ्याला सांगितलं. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, "मलाही बसवायचे, खड्याच्या मिठावर. काय बिघडलं माझं?" मी विचारलं, कशासाठी बसवायचे? खूप वेळ आठवत होता. आठवेना. मीठ आठवतं, निळ्या झाकणाची बरणी आठवते, खाली अंथरलेलं गोणपाट आठवतं, मीठ विरघळून पाय चिकट व्हायचे ते आठवतं. गुन्हा काय होता, ते नाही आठवत. तरीही तो अण्णांशी बोलायला तयार नाही. "या वयात त्यांना दुखवू नकोस" एवढंच म्हणतो.

झोप लागत नाही म्हणून वाचत बसले, तर हा प्रकार जगभर सापडतो. पोलंडमध्ये वाटाण्यांवर, ब्राझीलमध्ये मक्याच्या दाण्यांवर, फिलिपिन्समध्ये मूग किंवा मिठावर, चीनमध्ये कपडे घासायच्या खाचांच्या फळीवर. ज्या घरात जे सहज हाताशी, ते लेकरांच्या गुडघ्याखाली गेलेलं. आपल्याकडे अंगठे धरायला लावणं, ओणवं उभं करणं, खुर्ची, कोंबडा हे सगळ्यांनी पाहिलंय. हात उचलला नाही म्हणजे मारलं नाही, असं अण्णांना मनापासून वाटतं. "मी पोराला कधी बोटही लावलं नाही," असं ते शेजारच्या काकूंना अभिमानाने सांगतात.

माझी अडचण अशी. मुलाचा आजोबांवर फार जीव आहे. "त्यांना सांगू नको, ते माझ्याशी बोलायचे बंद होतील," असं तो मला दोनदा म्हणाला. त्याला पाळणाघरात टाकलं तर त्याला वाटेल शिक्षा त्यालाच झाली, आणि अण्णा तर मोडूनच पडतील. टाकलं नाही, तर साडेबारा ते साडेसात मी ऐरोलीत बसून काय करणार? शुक्रवारपासून हरभऱ्याचा डबा माझ्या कपाटात कुलपात आहे. पण घरात तांदूळ आहेत, मीठ आहे, काथ्याचं पायपुसणं आहे. काय काय कुलपात ठेवू?

सुनेनं सासऱ्यांशी हे कसं बोलावं? कुणी अशा प्रसंगातून गेलं असेल तर कृपया सांगा.

जुना_ठाणेकर: ताई, राग मानू नका, पण आम्ही सगळे असेच वाढलो. आजोबा वाईट नाहीत हे तुम्हीच लिहिलंय. घरातल्या घरात मिटवा, डॉक्टरपर्यंत जायची गरज नव्हती.

धागाकर्ती: दादा, मला घरातल्या घरातच मिटवायचंय, म्हणून तर विचारतेय. पण खपली बघितल्यावर डॉक्टरकडे न जाणं मला जमलं नसतं.

वकिलीणबाई: कायद्याचं थोडक्यात सांगते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली, तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, पण ते कलम शाळेसाठी आहे. घरालाही लागू होतं ते बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७५. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानेच त्याला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागवलं, तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या दारात पोलीस यावेत असं मला मुळीच वाटत नाही. नवऱ्याला मात्र हे वाचून दाखवा, म्हणजे 'आमच्यात चालतं' हा मुद्दा संपेल. आणि १०९८ हा मुलांसाठीचा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो. तिथे फक्त तक्रारच करावी लागते असं नाही, काय करू हे विचारायलाही फोन करता येतो.

बालवाडीताई: मी कोसबाडला शिकले. तेव्हा तो भाग ठाणे जिल्ह्यातच होता, आता पालघरमध्ये गेला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आम्हाला तिथे पहिल्यापासून शिकवलं की मुलाला शिक्षा नको, आणि बक्षीसही नको. म्हणून तुमच्या लिहिण्यातली राजगिऱ्याची वडी मला हरभऱ्याइतकीच टोचली. दुखलं तरी गप्प बसलं की गोड मिळतं, हे तो शिकतोय. पुढे कुणी परक्यानं त्रास दिला तर हा बोलेल का? हे आधी त्याच्याकडून काढून घ्या. "दुखलं की रडायचं, आणि आईला सांगायचं," हे रोज म्हणा.

पाढ्याचं म्हणाल तर चिंचोके आणा. हरभरे नकोत आता. सतराच्या सहा ओळी मांडायच्या. प्रत्येक ओळीत दहा एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला. दहाच्या सहा ओळींचे साठ, सातच्या सहा ओळींचे बेचाळीस, मिळून एकशे दोन. डोळ्याला दिसलं की अडखळणं जातं. आणि हे आजोबांनाच करायला सांगा. त्यांच्याकडून पाढे काढून घेऊ नका, त्यांच्याजवळ देण्यासारखं तेच आहे.

दोन_मुलींचा_बाबा: मी तुमच्या सासऱ्यांच्या जागेवरून लिहितो. मोठ्या मुलीला मी काथ्याच्या पायपुसण्यावर गुडघे टेकून बसवायचो. आज ती २४ वर्षांची आहे. गेल्या वर्षी नवीन घराची खरेदी चालली होती, दुकानात पायपुसणं दाखवलं तर ती म्हणाली, "बाबा, काथ्याचं नको." एवढंच म्हणाली आणि पुढच्या रांगेत निघून गेली. मी तिथेच उभा राहिलो. मला वेळेवर कुणी थांबवलं असतं तर त्या माणसाचे मी पाय धरले असते.

हे तुमच्या मिस्टरांनीच बोलायला हवं. नातवासमोर नको, जेवणाच्या ताटावर नको, घराबाहेर. तुम्ही चुकलात असं म्हटलं की म्हातारा माणूस भांडायला उभा राहतो. "अण्णा, मला मीठ अजून आठवतं" एवढं त्यांच्या मुलानं म्हटलं की पुरे आहे. मिस्टर अजिबातच तयार नसतील तर मात्र तुम्ही बोला, पण आणखी एक आठवडा जाऊ देऊ नका.

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. दोन_मुलींचा_बाबा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. त्यानं दोनदा वाचला आणि फोन माझ्या हातात परत दिला. काल संध्याकाळी अण्णांना घेऊन तलावपाळीवर गेला. कौपिनेश्वराचं दर्शन घेतलं आणि तलावाच्या कठड्यावर बसले. काय बोलणं झालं ते सगळं त्यानं मला सांगितलं नाही. एवढं कळलं की अण्णांना त्यांच्या गावच्या मास्तरांनी खडीवर बसवलं होतं, आणि हे त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला सांगितलं.

आज सकाळपासून ते माझ्याशी बोललेले नाहीत. पण नातवाचा डबा त्यांनीच भरला. दुपारी ऑफिसात असताना मुलाचा फोन आला, आजोबा विचारतायत चिंचोके कुठे मिळतील. बालवाडीताई, खरंच, जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतील का, की गावाहून मागवावे लागतील? आणि वर्तकनगर किंवा शिवाईनगरच्या बाजूला आठवड्यातून दोनतीन दिवस दुपारी ठेवता येईल असं चांगलं पाळणाघर कुणाला माहीत असेल तर तेही सांगा. विश्वास बसायला मला थोडा वेळ लागेल, तोवर तेवढी सोय मला हवी आहे.