लेकीच्या मूत्राशयाचे ऑपरेशन झाल्यावर नळी घालणे थांबते का?

प्रश्न (खानापूर तालुका)

माझी मुलगी सात वर्षांची आहे. जन्मतः तिच्या पाठीवर गाठ होती (स्पायना बायफिडा); तिचे ऑपरेशन झाले आणि पुढे डोक्यात शंटही (मेंदूतले जादा पाणी वाहून नेणारी नळी) बसवला. ती दोन वर्षांची असल्यापासून मी दर चार तासांनी नळी घालून लघवी काढते, मूत्राशय सैल ठेवणारे ऑक्सिब्युटिनिन हे औषधही चालू आहे. तरीही मधल्या वेळेत कपडे ओले होतात आणि परवाच्या सोनोग्राफीत उजवे मूत्रपिंड फुगलेले दिसले. बेळगावच्या डॉक्टरांनी आतड्याचा तुकडा जोडून मूत्राशय मोठे करण्याचे सुचवले आहे. एवढे मोठे ऑपरेशन झाले की नळी सुटेल, असे सासूबाईंना वाटते. ते खरे आहे का?

उत्तर (निपाणी)

ताई, नळी सुटत नाही, हे आधीच सांगतो, कारण आम्हीही याच समजुतीत होतो. माझ्या मुलाचे हेच ऑपरेशन नवव्या वर्षी झाले. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन, तो उभा चिरून सपाट करतात आणि उघडलेल्या मूत्राशयावर ठिगळासारखा शिवतात. त्याने जागा वाढते, आतला दाब उतरतो आणि मूत्रपिंडावरचा ताण कमी होतो. पण आकसून लघवी बाहेर टाकण्याची ताकद त्या पिशवीला येत नाही.

आमच्याकडे बदलली ती नळीची वाट. त्याच ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स वापरून मूत्राशयापासून बेंबीपर्यंत मार्ग केला, ज्याला मित्रोफानॉफ म्हणतात. पूर्वी मधल्या सुट्टीत त्याची आई शाळेत जायची. आता तो सदरा वर करून, खुर्चीवर बसल्या बसल्या बेंबीतून नळी सरकवतो आणि डबा खायला वेळेवर पोहोचतो. आमच्या घराला हा फार मोठा दिलासा आहे.

मात्र आतड्याचा तुकडा मूत्राशयातही चिकट स्राव सोडत राहतो. सलाइनने धुताना सिरिंजमध्ये पांढरट तारा येतात. एका लग्नसराईत आमच्याकडून धुण्याची हयगय झाली, पुढे ती अंगवळणी पडली आणि मूत्राशयात खडा झाला. त्यासाठी लेकराला पुन्हा भूल द्यावी लागली, याचे मला आजही वाईट वाटते.

उत्तर (बेळगाव)

मी लहान मुलांच्या शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. वरच्या दादांनी लिहिले आहे ते अगदी बरोबर आहे. ताई, युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशयातला दाब आणि त्यात किती मावते ते मोजणारी) झाली आहे का? मूत्राशयातला दाब 40 सेंटिमीटर पाण्याच्या वर राहत असेल, तर लघवी उलटी चढून मूत्रपिंड खराब होण्याचा धोका वाढतो. सात वर्षांच्या मुलीच्या मूत्राशयात साधारण 270 मिलिलिटर मावायला हवे (वयात 2 मिळवून 30 ने गुणायचे). तिच्या मूत्राशयात किती मावते, ते अहवालात पाहा. मूत्राशय अजून ताठर झाले नसेल, तर दुर्बिणीतून बोटॉक्स (स्नायू सैल करणारे इंजेक्शन) देता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो आणि ते पुन्हा द्यावे लागते, तरी आतड्याला हात लावण्याआधी हा विचार झालेला बरा.

ऑपरेशन ठरलेच, तर शंट असल्याचे आणि लॅटेक्सची (हातमोज्यांच्या रबराची) ॲलर्जी असू शकते हे आवर्जून सांगा. या मुलांना ती ॲलर्जी अधिक आढळते. नंतर दरवर्षी सोनोग्राफी आणि रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कळण्यासाठी), आम्लता व बी-12 यांच्या तपासण्या चुकवू नयेत. पोट अचानक दुखले, फुगले किंवा ताप आला, तर दुखण्याची गोळी देऊन घरी थांबू नका. जोडलेली पिशवी फुटलेली असू शकते आणि मज्जातंतू बधिर असल्याने मुलीला वेदना कमीच जाणवतील.

नळीने जंतुसंसर्ग होईल, अशी सासूबाईंना धास्ती असेल, तर त्यांना सांगा की 1972 साली लॅपिडीस या अमेरिकी शल्यचिकित्सकाने ही पद्धत मांडली, तेव्हापासून निर्जंतुक हातमोज्यांपेक्षा स्वच्छ धुतलेले हात आणि वेळेवर मूत्राशय रिकामे करणे यांनाच महत्त्व आहे.

प्रश्नकर्ती

युरोडायनॅमिक झालेले नाही. सोमवारी बेळगावला जाऊन तीच तपासणी आधी करून घेते. बेंबीची वाट ऐकून मुलीने विचारले, "मग मी एकटी सहलीला जाऊ शकेन?" दादा, तुमचा मुलगा नळी स्वतः घालायला कितव्या वर्षी शिकला?

उत्तर (निपाणी)

दहाव्या वर्षी, महिनाभरात. पहिले काही दिवस त्याने आरसा समोर ठेवला होता.