लांब दांडीचे जुने स्पर: गरज की मिरवणं?

खोगीर
घोड्याला टाच मारताना टोचायला बुटाच्या मागे बांधतात तो स्पर. पंधराव्या शतकातले युरोपी स्पर पाहा: टाचेला कवेत घेणारी कमान, तिच्यामागे कधीकधी वीतभर दांडी आणि टोकाला काटेरी चक्री. हा नुसता सरदारी थाट, असं सर्रास म्हटलं जातं. मला हे अजिबात पटत नाही. चिलखती स्वार उंच खोगिरात पाय सरळ, पुढे ताणून बसे. टाच घोड्याच्या कुशीपासून लांब राही, पाखर म्हणजे घोड्याचं चिलखत घातलं की आणखी लांब. आखूड स्पर लावायचा तर गुडघा दुमडून पाय मागे घ्यावा लागतो आणि भाला रोखलेला असताना तेवढ्यानेही बैठक ढळते. दांडी लांब असली की घोटा जरा आत वळवला तरी भागतं.

रिकीब
असहमत. पाखर परवडायची मूठभरांना. स्पर हा मुळात दर्जाचा दागिना, सोनेरी मुलामा हा नाइटचा, म्हणजे दीक्षा मिळालेल्या सरदाराचा मान. १३०२ मध्ये आजच्या बेल्जियममधल्या कोर्त्राइकला तिथल्या फ्लेमिश पायदळाने फ्रेंच सरदारांना लोळवलं, त्यांचे सोनेरी स्पर गोळा करून चर्चमध्ये टांगले आणि लढाईला नावही त्यावरूनच पडलं. पुढे लंडनच्या सेंट पॉल्समध्ये लोक स्पर घालूनच शिरत आणि तिथली गाणारी पोरं त्यांच्याकडून 'स्पर-मनी' म्हणून दंड उकळत. देवळात कुठला आलाय घोडा? शिवाय दांडी जितकी लांब, तितकं टोक जास्त फिरतं. पाय जरा हलला की घोड्याला नको तेव्हा टोचणार. कामाचं अवजार असं असतं का?

खोगीर
स्पर-मनीचा मोठा गाजावाजा झाला तो दांड्या आखूड झाल्यानंतर. म्हणजे मिरवायला लांबी लागत नव्हती! कोर्त्राइकचे स्परही या लांब दांड्यांच्या आधीचे. आणि १३५६ मध्ये फ्रान्समधल्या प्वातियेच्या लढाईत पायी लढायचं ठरल्यावर फ्रेंच सरदारांनी स्पर उतरवले. मिरवायचेच असते तर ठेवले असते. नकळत टोचण्याचा मुद्दा मात्र मान्य.

चक्री
त्या टोचण्यावरच बोलू. रोमन काळापासून एकच ठाम टोक असे; फिरती चक्री आली तेराव्या शतकात. टोक एकाच जागी रुततं, चक्री अंगावरून लोळत जाते. मोठी चक्री म्हणजे क्रूर, हा समज उलटा आहे. चिलीच्या स्परांना तळहाताएवढ्या चक्र्या असतात, पण दाट काट्यांमुळे एका वेळी तीन-चार काटे टेकतात आणि भार वाटला जातो. सहा लांब काट्यांची छोटी चक्री एकाच काट्यावर दाबते, ती जास्त बोचते. चक्रीची खीळ गंजून घट्ट बसली तर सगळा फायदा गेला, ती ओरखडे काढते.

वादाचा निकाल वस्तूतच शोधा. दांडीच्या दुभंगलेल्या टोकात खीळ बसते. त्या खिळीची किंवा चक्रीची भोकं झिजून लांबट झाली असतील, तर तो स्पर चालवलेला आहे. भोक गोल, कडा करकरीत असेल तर बहुधा मिरवलेला.

रिकीब
हे पटलं. मग जुना स्पर साफ करायचा तारेचा ब्रश आधी बाजूला ठेवा. लोखंडी स्परांना गंज लागू नये म्हणून कल्हई करत. गंजाखाली करडे-पांढरे ठिपके दिसतात ती तीच. ब्रशने ती जाते आणि झिजेच्या कडाही.