मदत हवी आहे: आयएससी डीएचसीपीच्या लीज कीआमध्ये नेल्यावर काही मशिनचे पत्ते बदलतात

मंडळी, नेटवर्कवरच्या मशिनना पत्ते वाटणारा आमचा जुना सर्व्हर आयएससी डीएचसीपी ४.४ सोडून त्याच कामाच्या नव्या कीआवर जायचं आहे. जुन्या सर्व्हरची देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबली, तेव्हा हे काम आता पुढे ढकलायचं नाही. कॉन्फिगरेशन कीआमाने (स्थलांतराला मदत करणारं साधन) बऱ्यापैकी उतरवून दिलं, पण ते लीजना, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्यांच्या नोंदींना, हात लावत नाही. त्यासाठी एक छोटी पायथन स्क्रिप्ट वापरतोय: जुन्या फाइलमधली नोंद वाचायची, कीआच्या सीएसव्हीत एक ओळ लिहायची.

चाचणीच्या नेटवर्कवर बहुतेक मशिन जुन्याच पत्त्यावर राहतात. मोजक्यांना मात्र नवा पत्ता मिळतो, आणि सीएसव्हीत त्यांचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा क्रमांक) तर बरोबर आहे! अशा एका नोंदीतला यूआयडी (मशिनने स्वतःची म्हणून पाठवलेली ओळख) जुन्या फाइलमध्ये असा सुरू होतो:

"\००१\०००\०२३५

सीएसव्हीत तोच ०१:००:१३ असा येतो आणि पुढे एक बाइट कमी भरतो. शिवाय काही लीज कीआ सुरू होताच मुदत संपलेल्या दिसतात. फायरवॉलचे नियम पत्त्यांवर बांधलेले आहेत, त्यामुळे एकही पत्ता हलून चालणार नाही. कुणी हे केलंय का?

प्रतिसाद १
गोम त्या शेवटच्या ५ मध्ये आहे. डीएचसीपीडी, म्हणजे तुमचा जुना सर्व्हर, यूआयडी लिहिताना छापता न येणारे बाइट तीन आकडी ऑक्टलमध्ये (आठच्या पायावर) लिहितो आणि छापता येणारे सरळ अक्षर म्हणून. म्हणजे \०२३ हा एक बाइट, हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) १३. त्यानंतरचा ५ हा वेगळा बाइट, हेक्समध्ये ३५. स्क्रिप्ट फक्त उलट्या रेघेचे तुकडे उचलते आणि मोकळी अक्षरं गाळते. कीआ आधी क्लायंट आयडीने, म्हणजे याच यूआयडीने, लीज शोधतो. मॅक जुळला तरी दोन्हीकडे क्लायंट आयडी असून तो वेगळा असेल, तर ती लीज दुसऱ्याची समजतो. म्हणून नवा पत्ता.

मुदतीचा घोळ वेगळा आहे. जुन्या फाइलमधल्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. स्क्रिप्ट त्यांना स्थानिक वेळ धरत असेल, तर यूटीसीच्या पुढच्या टाइमझोनमध्ये सगळ्या लीज तितके तास आधी संपतात.

प्रतिसाद २
निदान पटलं, पण स्क्रिप्ट दुरुस्त करण्याआधी जुन्या सर्व्हरलाच राबवा. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये लीज-आयडी-फॉरमॅट हेक्स आणि डीबी-टाइम-फॉरमॅट लोकल करा आणि सर्व्हर रिस्टार्ट करा. सुरू होताना तो लीज फाइल नव्याने लिहितो. यूआयडी थेट कीआला हवा तसा, कोलन घातलेल्या हेक्समध्ये येतो आणि वेळा एपॉक सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या). नाव लोकल असलं तरी घाबरू नका, आकडा एपॉकच असतो. स्थानिक वेळ नुसती शेजारच्या कॉमेंटमध्ये दिसते.

धागाकर्ता
हे फार कामाचं निघालं, मनापासून आभार! चाचणीत पत्ते टिकले. आता प्रत्यक्ष बदल करताना आणखी काय सांभाळू?

प्रतिसाद २
आधी जुना सर्व्हर थांबवा, मगच फाइल घ्या. रिस्टार्टनंतरही तो नोंदी शेवटी जोडतच राहतो, त्यामुळे एका पत्त्याच्या अनेक नोंदी असल्या तर शेवटची खरी. ॲक्टिव्ह तेवढ्या घ्या. अबँडन्ड (सर्व्हरने बाजूला ठेवलेल्या) न्यायच्या असतील तर कीआमध्ये त्यांची स्टेट १, म्हणजे डिक्लाइन्ड. एक्स्पायर या रकान्यात लीज संपण्याची वेळ, आणि व्हॅलिड लाइफटाइममध्ये शेवट वजा सुरुवात.

सीएसव्हीची शीर्षओळ हाताने लिहू नका. रकाने आवृत्तीगणिक वाढत गेलेत. कीआ एकदा रिकामाच सुरू करा, तो शीर्षओळ स्वतः लिहितो. मग तो थांबवून तिच्याखाली ओळी भरा.

प्रतिसाद १
सबनेट-आयडी (पत्ता नेटवर्कच्या कुठल्या भागातला, तो क्रमांक) विसरू नका. जुन्या फाइलमध्ये तो नसतोच, कॉन्फिगरेशनमधून घ्यावा लागतो. कीआच्या सॅनिटी-चेक्स या सेटिंगमध्ये लीज-चेक्स फिक्स-डेल ठेवाल तर चुकलेला आयडी कीआ दुरुस्त करतो, पण पत्ता कुठल्याच सबनेटमध्ये बसला नाही तर ती लीज नाकारतो. तुमच्याकडे एकही पत्ता हलायला नकोय, तर आधी वॉर्न (नुसता इशारा) ठेवून लॉग नीट वाचा.