मदत हवी आहे: ट्राकेनर घोडी म्हणतात, पण मांडीवर डाग नाही

मुक्ता_हांबुर्ग: लेकीसाठी घोडी बघतोय. मालक म्हणतो अस्सल ट्राकेनर, म्हणजे त्या जर्मन जातीची. पण त्या जातीची खूण, म्हणजे तापल्या लोखंडाने उमटवलेला एल्क हरणाच्या शिंगांचा डाग, मांडीवर नाहीच! फसवतोय का? परवा निर्णय कळवायचाय, लवकर सांगा.

नाल: घोडी कुठल्या सालची? लेक किती वर्षांची, उड्या मारते की ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींचा खेळ) करते? घोडीचा पासपोर्ट, म्हणजे तिचं ओळखपत्र, बघितलात? एवढ्या माहितीवर काय सांगणार?

रिकीब: ट्राकेनर घेऊच नका. हॅनोव्हेरियन घ्या, तीही जर्मन जातच. १७३५ पासून जर्मनीतल्या त्सेलेच्या सरकारी तबेल्यात पैदास चाललीय. आमची अगदी शांत आहे. ट्राकेनरमध्ये अरबी आणि थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) रक्त फार, चटकन बिथरतात.

अश्विनी_के: रिकीब, सरसकट असं बोलू नका. त्याच रक्तामुळे ती हलकी, दमदार आणि तरंगत दुडकी चालणारी झाली. १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकमध्ये ड्रेसाजचं सुवर्ण जिंकणारा क्रोनोस ट्राकेनरच. आणि तुमच्या हॅनोव्हेरियनवाल्यांनी पैदाशीला आब्ग्लान्झ नावाचा घोडा नेला, तोही ट्राकेनरच होता ना?

रिकीब: आब्ग्लान्झ मान्य. पण नवशिक्या पोरीला ऑलिंपिकचा काय उपयोग?

मुक्ता_हांबुर्ग: नवशिकी कोण म्हणालं? १५ वर्षांची आहे, लहानपणापासून बसते, ड्रेसाज करते. घोडी २०२१ ची. पासपोर्ट मालकाकडे आहे.

इतिहासवेडा: १७३२ मध्ये प्रशियाच्या फ्रीडरिश विल्हेल्म पहिल्याने पूर्व प्रशियात ट्राकेनेनचा तबेला उभारला, सैन्याला घोडे हवेत म्हणून. १९४५ च्या हिवाळ्यात रशियन फौजा आल्या तेव्हा माणसं याच घोड्यांना गाड्या जुंपून गोठलेल्या व्हिस्टुला खाडीवरून पळाली. वरून बॉम्ब पडत होते. पश्चिमेला पोचले ते फार थोडे, आजची जात त्यांच्यापासून पुन्हा उभी राहिली. हे वाचलं की मला भरून येतं.

पाटील_नंदुरबार: ताई, सारंगखेड्याच्या यात्रेत या, चेतक फेस्टिव्हलला. मारवाडी बघाल तर जर्मन विसराल.

नाल: पाटील, त्या हांबुर्गला आहेत हो! मुक्ताताई, साल २०२१ म्हणजे उलगडलं. भूल न देता डाग द्यायला जर्मनीत २०१९ पासून बंदी आहे, आता ओळख कातडीखाली बसवलेल्या चिपवर. चिपचा नंबर पासपोर्टशी जुळवा, पासपोर्ट ट्राकेनर संघाचाच आहे ना बघा. आणखी एक खूण: ट्राकेनर शिंगराचं नाव आईच्या नावाच्या आद्याक्षरावरून ठेवतात, हॅनोव्हेरियनमध्ये बापाच्या.

मुक्ता_हांबुर्ग: आई आणि घोडी, दोघींचं अक्षर एकच! पासपोर्टचा फोटो मागवलाय.

अश्विनी_के: फोटोवर थांबू नका. एक्स-रेसकट तपासणी करून घ्या, आणि डॉक्टर तुमचा असू दे, मालकाचा नको.