रांगण्याची सहल आणि हिरवी लांब पिशवी

सचिव (अ-२०१): सर्व सभासदांना नमस्कार. शनिवारी रांगणा किल्ल्यावर मुक्कामी गेलेल्या मंडळींनी सोसायटीचे दोन्ही तंबू नेले होते. मात्र त्या तंबूंच्या काठ्यांची हिरवी लांब पिशवी आज सकाळी वॉचमनला जिन्याखाली, पाण्याच्या मोटारीशेजारी सापडली. हे तंबू गणपतीच्या शिल्लक वर्गणीतून घेताना किती वाद झाला होता ते आपण जाणताच. तेव्हा काय घडले ते संबंधितांनी येथेच लिहावे, म्हणजे जिन्यातली कुजबुज थांबेल.

बापू (ब-३०२): ती पिशवी जिन्याखाली कोणी ठेवली?

दादा (ब-१०४): सहलीची जबाबदारी माझी होती, त्यामुळे चूकही माझीच आहे. कापड, दोऱ्या आणि मेखा गोणीत होत्या आणि काठ्या लांब म्हणून वेगळ्या बांधल्या होत्या. मी पहाटे गोण्या मोजल्या, तंबू मोजले नाहीत. गारगोटीला चहाला थांबलो तेव्हा दुकाने उघडी होती, तिथे सामान तपासले असते तर काहीतरी सोय झाली असती. पाटगाव सोडल्यावर फोनची रेंजही गेली. चिक्केवाडीतून गडावर पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते आणि रांगणाईच्या देवळात दुसरी मंडळी आधीच उतरली होती. शेवटी दोन झाडांमध्ये कमरेएवढ्या उंचीवर दोरी ताणली, वरचे कापड तिच्यावरून टाकले आणि कडा मेखांनी ओढून घेतल्या. एका कोपऱ्याची कडी तुटलेली होती, तिथे लिंबाएवढा गोटा कापडात गुंडाळून त्याच्या मानेला सुतळी आवळली. ती रात्रभर हलली नाही आणि कापडही फाटले नाही.

माई (क-१०३): कौतुक सावकाश करू. माझा पितळी डाव परत आलेला नाही.

आप्पा (अ-३०४): आमच्या वेळी पन्हाळा ते विशाळगड आम्ही एका घोंगडीवर गेलो, काठ्या लागल्या नाहीत. पुढच्या वेळी कोळशाची शेगडी न्यावी आणि थंडी वाजू लागली की सरळ तंबूत घ्यावी, असे माझे मत आहे.

डॉक्टर ताई (क-२०२): आप्पा, आपल्या अनुभवाचा आदर राखून सांगते, पेटलेली शेगडी बंद तंबूत कदापि नेऊ नये. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. थंडी जमिनीतून अधिक शिरते, म्हणून अंगावर चौथे पांघरूण घेण्याऐवजी ते खाली अंथरावे. या मंडळींनी वाळके गवत विंचू-किडा पाहून, झाडून पसरले, ते योग्यच केले.

बापू (ब-३०२): ती पिशवी जिन्याखाली कोणी ठेवली, याचे उत्तर अद्याप मिळालेले नाही.

वहिनी (ब-२०१): आप्पांच्या घोंगडीची हकीकत आम्ही दर कोजागरीला आदराने ऐकतो. प्रश्न केवळ काठ्यांचा नव्हता, हेही नोंदवावेसे वाटते. शेगडी लांब डब्याची, म्हणजे खाचेत बसवायच्या गॅसची होती, आणि विकत आणलेला डबा आट्यांचा बुटका होता. दोन्ही वस्तू यादीत होत्या, दोन्हींपुढे बरोबरची खूण होती आणि दोन्ही एकमेकींना बसत नव्हत्या. शिवाय एक बॅटरी सॅकमध्येच दाबली जाऊन सुरू राहिली आणि गडावर पोहोचेपर्यंत संपली. सेल आणि पत्रा यांच्यामध्ये कागदाचा एक कपटा सरकवून ठेवला असता तर हे टळले असते. आम्ही मोबाईलच्या उजेडावर पाण्याची भरलेली बाटली ठेवली, तेवढ्यात पाने वाढता आली.

आप्पा (अ-३०४): पानात काय होते तेही लिहावे. मी चार किलो भडंग दिले तेव्हा ‘एवढे कशाला’ म्हणून हसणाऱ्यांत आपण होता.

वहिनी (ब-२०१): होते, आणि तीन वेळा मागून घेतले. आभारी आहे.

सचिव (अ-२०१): यापुढे तंबू नेणाऱ्यांनी आदल्या दिवशी पार्किंगमध्ये तो पूर्ण उभा करून दाखवावा, शेगडीवर तिथेच चहा करावा आणि मगच सामान बांधावे. काठ्या, कापड व मेखा एकाच गोणीत राहतील.

बापू (ब-३०२): ठराव उत्तम आहे. ती पिशवी जिन्याखाली कोणी ठेवली?

माई (क-१०३): डाव माझ्या सासूबाईंचा होता.

दादा (ब-१०४): माई, रागावू नका. देवळातल्या मंडळींकडे आट्यांची शेगडी होती आणि त्यांचा गॅस संपला होता. आमचा डबा त्यांना नेमका बसला, म्हणून दोन्ही गटांची खिचडी एकत्र शिजली. तो डाव त्यांच्या पातेल्यात गेला. आताच त्यांचा फोन आला, डाव इचलकरंजीला सुखरूप आहे.

माई (क-१०३): मग रविवारी जाऊन घेऊन या, आणि निघण्यापूर्वी कशाला चाललो आहोत ते कागदावर लिहून खिशात ठेवा.