सुनेचे स्कॉटलंडचे पूर्वज शोधायचेत, सुरुवात कुठून करू?

विश्रामबागची_काकू

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाय, हसू नका. माझा मुलगा न्यूझीलंडला डुनेडिनमध्ये असतो, गेल्या वर्षी तिथल्याच मुलीशी लग्न केलं, पोरगी गुणाची आहे, भडंग आवडीने खाते. आता दोघं मे महिन्यात सांगलीला येणारेत आणि आमच्या सासूबाई (वय ८४) हात धुवून मागे लागल्यात की नातसुनेचं मूळ गाव कुठलं, घराणं कुठलं ते सांगा. त्यात परवा आमचा हेळवी (घराण्याच्या पिढ्या चोपडीत लिहून ठेवणारा) येऊन गेला, आता बैल नाही, मोटरसायकलवर येतो, पण चोपडी तीच, सासऱ्यांच्या सात पिढ्या घडाघडा वाचल्या आणि शेवटी विचारतो नवीन सूनबाईचं नाव घालू का, माहेरचं गाव काय लिहू? आम्ही सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलो.

विहीणबाईंना फोन केला तर एवढंच कळलं की त्यांचे खापरपणजोबा १८६३ च्या सुमाराला बायको आणि लहान मुलीला घेऊन 'ग्लासगोहून' बोटीने आले, तिकडे सोनं सापडलं होतं म्हणे. नाव जॉन, आडनाव मॅक-ने सुरू होतं, बाकीचं इथे लिहीत नाही. थडग्याचा फोटो पाठवलाय त्यावर 'फॉरफारशायर' असं कोरलंय, ते मला गुगल मॅपवर सापडेना. हे शोधायचं कसं? सांगलीत बसून जमेल का?

कोरेगावचा_बाब्या

काकू सोप्पंय, सूनबाईला डीएनए टेस्ट करायला सांगा, थुंकी पाठवायची, सगळं येतं.

अजिंक्यतारा_७७

बाब्या, थुंकीत गावाचं नाव येत नसतं रे. लांबचे चुलतभाऊ सापडतात, ते नंतर उपयोगी पडतं, पण आधी कागद.

काकू, माझी मुलगी कॅनडात दिलीय, तिच्या सासरचं असंच स्कॉटलंडचं प्रकरण मी साताऱ्यात बसून दोन पावसाळ्यांत काढलंय, त्यामुळे अनुभवाने सांगतो.

पहिली गोष्ट, 'ग्लासगोहून आले' यावर अजिबात विश्वास ठेवू नका. बोट जिथून सुटली तेच पुढच्या पिढ्यांच्या तोंडी मूळ गाव होऊन बसतं. आपल्याकडचे मुंबईला गिरणीत गेलेले सगळे 'सातारचे', पण गाव माणमधलं की पाटणमधलं ते तिसऱ्या पिढीला सांगता येत नाही, तसंच.

दुसरं, फॉरफारशायर तुम्हाला मिळणार नाही कारण १९२८ पासून त्या काउंटीचं नाव अँगस झालंय. तुम्ही सांगलीकर, तुम्हाला हे सांगायला नको, १९६० पर्यंत तुमचा जिल्हा 'दक्षिण सातारा' होता, आता कुणी जुन्या कागदावरचं दक्षिण सातारा मॅपवर शोधलं तर त्याला काय दिसणार.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, लगेच स्कॉटलंडला उडी मारू नका!! तिथे त्या नावाचे जॉन पन्नास निघतील आणि तुम्ही दुसऱ्याचेच पूर्वज घरी आणाल, हे मी स्वतः केलंय, चार महिने चुकीच्या माणसाच्या मागे होतो. आधी न्यूझीलंडमधलं सगळं संपवा. तिथल्या मृत्यूच्या दाखल्यात १८७६ पासून आईवडिलांची नावं, जन्म कुठे झाला, देशात किती वर्षं होते, लग्न कुठे आणि कितव्या वर्षी झालं, असं सगळं असतं, फक्त माहिती देणाऱ्या मुलाला ते माहीत असलं पाहिजे. सरकारी साइटवरून प्रिंटआउट मागवता येतो. पेपर्स पास्ट म्हणून त्यांच्या नॅशनल लायब्ररीची साइट आहे, जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, ओटागो डेली टाइम्स तर १८६१ पासूनचा, त्यात मृत्यूच्या बातमीत बऱ्याचदा गावाचं नाव असतं. जनगणनेच्या नादी मात्र तिकडे लागू नका, त्या काळातले घरोघरचे फॉर्म त्यांनी नष्ट केलेत. बोटीची यादी फॅमिलीसर्च या वंशावळी शोधायच्या साइटवर बघा, सरकारी मदतीने आले असतील तर काउंटीसुद्धा लिहिलेली असते.

गाव कळलं की मग स्कॉटलंड्सपीपल. ही तिकडची सरकारी साइट. १ जानेवारी १८५५ पासून तिथे जन्म, लग्न, मृत्यूची सक्तीची नोंद आहे आणि काय नोंद आहे हो! लग्नाच्या नोंदीत नवरा आणि नवरी दोघांच्याही आईवडिलांची नावं, आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा. म्हणजे एका कागदात अख्खी एक पिढी मागे जाता. इंग्लंडच्या लग्नाच्या कागदात आईचं नाव नसायचं, फक्त बापाचं. शोधायला पैसे लागत नाहीत, मूळ नोंदीची इमेज उघडायला क्रेडिट लागतात, मी केलं तेव्हा एका इमेजला ६ क्रेडिट म्हणजे दीड पौंड. आडनाव मॅक, मॅ'क, एमसी असं तिन्ही प्रकारे टाकून बघा.

१८५५ च्या आधीचं चर्चच्या रजिस्टरमध्ये. तिथे भाग्यावर आहे. नोंद करायची सक्ती नव्हती, शिवाय १७८३ ते १७९४ मध्ये प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता, मग गरीब माणूस कशाला जातोय. अक्षर फारच जुनं असेल तर आपल्या मोडीसारखं शिकावंच लागतं.

कृष्णाकाठ

सर्वांनी छान सांगितलं. माझं एकच, काकू, कुणी 'तुमच्या घराण्याचं मानचिन्ह' म्हणून फ्रेम विकायला आला तर घेऊ नका. स्कॉटलंडमध्ये कोट ऑफ आर्म्स एका माणसाचं असतं, आडनावाचं नाही, त्यासाठी लॉर्ड लायन म्हणजे तिकडच्या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याचं वेगळं कोर्टच आहे. पटवर्धन आडनाव असलं म्हणून कुणी सांगली संस्थानचा राजा होत नाही. आणि क्लॅन म्हणजे कुळी वगैरे तर सासूबाईंना मुळीच सांगू नका, मग कुलदैवत विचारतील.

एक मजा, मुलांची नावं बघा. तिकडे जुनी पद्धत अशी की पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. सगळे पाळायचे असं नाही, पण अंदाज बांधायला बरं पडतं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायचेच की.

विश्रामबागची_काकू

मंडळी, सव्वा महिन्याने आले, पण घबाड घेऊन आले!!

विहीणबाईंनी मृत्यूचा प्रिंटआउट मागवला, त्यात जन्म 'किरीम्युअर, फॉरफारशायर' असं स्वच्छ लिहिलंय. ग्लासगो कुठल्या कुठे. मग अजिंक्यतारा भाऊंनी सांगितलं तसं स्कॉटलंड्सपीपलवर गेले, मुलाने कार्डाने क्रेडिट भरले. लग्न १८५७ चं सापडलं, दोन्हीकडच्या आया सापडल्या माहेरच्या नावासकट. आणि जॉनचे वडील कोण तर हातमागावरचे विणकर! त्या किरीम्युअरमध्ये विणकरांचीच वस्ती मोठी होती म्हणे. आमच्या सासूबाईंचं माहेर विट्याचं, तिथे यंत्रमागाचा खडखडाट ऐकत वाढलेल्या, त्यांनी एवढंच ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे आपल्यातलेच की गं." विषय संपला.

बरोबर आलेल्या मुलीचा जन्म १८५८ चा, त्या नोंदीत तारखेच्या खाली वेळसुद्धा आहे, पहाटे ४ वाजून २० मिनिटं! मला वाटलं मी चुकीचं वाचतेय.

अजिंक्यतारा_७७

अभिनंदन काकू. बरोबर वाचलंय, स्कॉटलंडच्या जन्मनोंदीत वेळ असतेच, इंग्लंडला सहसा फक्त जुळ्यांना लिहितात. फक्त तुमचं नशीब थोडं कमी पडलं, १८५६ ते १८६० च्या जन्मनोंदींत आईवडिलांच्या लग्नाची तारीख नसते, १८५५ ला होती, १८६१ पासून परत आली. पण लग्न तुम्हाला मिळालंयच. आता ७ एप्रिल १८६१ ची जनगणना बघा, बोटीत बसण्याआधी ते कुठल्या घरात होते ते कळेल.

विश्रामबागची_काकू

बघते. पण भाऊ, एक अडचण झालीय. वेळेचं ऐकल्यापासून सासूबाई म्हणतायत की एवढी मिनिटासकट जन्मवेळ आहे तर पत्रिका मांडा.

कोरेगावचा_बाब्या

काकू पत्रिका कुणाची मांडताय, त्या आजी जाऊन जमाना झाला 😂

कृष्णाकाठ

मांडायचीच असेल तर एक बघा, स्कॉटलंडमध्ये ग्रीनिचची वेळ कायद्याने १८८० ला आली. त्याआधी रेल्वे ग्रीनिचवर चालायची पण घरातलं घड्याळ गावच्या वेळेवर असू शकतं. किरीम्युअर साधारण ३ अंश पश्चिमेला, म्हणजे १२ मिनिटांचा फरक.

विश्रामबागची_काकू

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, १२ मिनिटांत लग्नरास बदलू शकते, दोन्ही मांडा.