वेव्हलेट: इनर प्रॉडक्ट आणि कन्व्होल्युशनचं उत्तर जुळत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, दोन दिवस एकाच जागी अडकलेय. वेव्हलेट (थोडाच वेळ टिकणारी छोटी लाट) शिकतेय. वेव्हलेट कोइफिशंट म्हणजे सिग्नल आणि सरकवलेलं, ताणलेलं वेव्हलेट यांचा इनर प्रॉडक्ट (समोरासमोरचे आकडे गुणून केलेली बेरीज), इथपर्यंत कळलं, पण मी वाचतेय त्यात पुढच्याच पानावर तेच कोइफिशंट कन्व्होल्युशनने काढलेत आणि मधे एका ओळीचंही स्पष्टीकरण नाही.

मग स्वतः करून बघितलं. सिग्नल ४, ६, १०, ५. हार वेव्हलेट ०.७०७, −०.७०७. पहिल्या जोडीचा इनर प्रॉडक्ट −१.४१ येतो, नमपायचं (पायथॉनची आकडेमोडीची लायब्ररी) कन्व्हॉल्व्ह लावलं की तिथेच +१.४१. नुसतं चिन्ह असतं तर सोडून दिलं असतं, पण डीबी२ हे चार आकड्यांचं वेव्हलेट घेतलं (−०.१२९, −०.२२४, ०.८३७, −०.४८३) तर इनर प्रॉडक्ट ४.०९ आणि कन्व्होल्युशनचा मधला आकडा ०.२०! मेक्सिकन हॅटला मात्र दोन्ही तंतोतंत जुळतात. मला सिग्नलमधली अचानक उडी शोधायचीय, ती वर की खाली तेही हवंय, त्यामुळे चिन्ह चुकून चालणार नाही. प्लीज कोणीतरी सांगा.

प्रतिसाद १:
तुमचं गणित बरोबर आहे. कन्व्होल्युशन फिल्टर आधी उलटा करतं आणि मग सरकवत गुणाकारांची बेरीज घेतं, इनर प्रॉडक्टमध्ये उलटवणं नाहीच. मेक्सिकन हॅट दोन्हीकडून सारखं, म्हणून फरक दिसला नाही. हार उलटवलं की फक्त चिन्ह बदलतं. डीबी२ला सममितीच नाही, तिथे आकडाच बदलतो. तेव्हा वेव्हलेट स्वतः उलटवून (कॉम्प्लेक्स असेल तर कॉन्ज्युगेटही घेऊन, म्हणजे काल्पनिक भागाचं चिन्ह बदलून) कन्व्हॉल्व्ह करा, नाहीतर सरळ नमपायचं कोरिलेट वापरा, ते न उलटवताच सरकवत बेरीज घेतं. एक सांभाळा, पायवेव्हलेट्स या पायथॉनच्या वेव्हलेट लायब्ररीमधले डिकम्पोझिशन फिल्टर (सिग्नलचं विघटन करणारे) आधीच उलटवून ठेवलेले असतात, हारचा −०.७०७, ०.७०७ असा दिसेल, तो परत उलटवू नका.

धागाकर्ती:
उलटवलं आणि ४.०९ आलं!! खूप खूप आभार. पण आता हारला कोरिलेट −१.४१, −२.८३, ३.५४ असे तीन आकडे देतंय आणि लायब्ररीचं डीडब्ल्यूटी (डिस्क्रीट वेव्हलेट ट्रान्सफॉर्म) −१.४१ आणि ३.५४ एवढेच, मधला कुठे गेला?

प्रतिसाद २:
डीडब्ल्यूटी दर दुसरा आकडा टाकून देतं, डाउनसॅम्पलिंग. आणि तुमची ६ वरून १० ची उडी नेमकी त्या टाकलेल्या −२.८३ मध्येच होती, ती दोन जोड्यांच्या मधे पडली ना. उड्याच शोधायच्या असतील तर डाउनसॅम्पलिंग न करणारं स्टेशनरी वेव्हलेट ट्रान्सफॉर्म घ्या, पायवेव्हलेट्समध्ये एसडब्ल्यूटी नावाने आहे. हारमध्ये ऋण आकडा म्हणजे वरची उडी, हे लक्षात ठेवा.